रात्री रिकामी पडलेली लॅब, ३७ नंबरचं मशीन आणि माझी पीएचडी

भरतीओहोटी, रविवार रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचतोय, आज धागा काढतोय कारण हा विषय कळणारी चार माणसं इथे नक्की आहेत असं जुने धागे वाचून वाटतं.

मध्य उपनगरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवतो (नाव नको). चार वर्षं झाली पार्ट टाइम पीएचडी चालू आहे, विषय डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स (अनेक मशीननी मिळून एक काम करणं), त्यातही रिकाम्या मशीनवर काम कसं वाटायचं हा भाग. आमच्या दोन लॅब मिळून ६० पीसी. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ पोरं प्रॅक्टिकल करतात आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी ९ पर्यंत, म्हणजे रोजचे १६ तास, ती मशीनं नुसती बसून असतात. आणि आमच्याच संस्थेच्या फार्मसी कॉलेजातल्या एक मॅडम ४००० रेणू एका प्रथिनाला कसे चिकटतात ते बघायला आपल्या लॅपटॉपवर रात्र रात्र प्रोग्राम लावून ठेवतात. एका रेणूला साधारण २५ मिनिटं. गुणाकार करा, सलग चालवलं तर ७० दिवस. लॅपटॉप मध्येच हँग झाला की पुन्हा पहिल्यापासून. मी त्यांना म्हटलं मॅडम मला द्या, ६० मशीनवर दोन रात्रीत काढून देतो.

त्यासाठी वापरलं एचटीकाँडॉर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिवनी यांच्या ग्रुपने १९८८ मध्ये हे सुरू केलं, तेव्हा नाव नुसतं काँडॉर होतं. कल्पना अशी की ऑफिसातलं, लॅबमधलं मशीन मालक वापरत नसेल तेव्हा त्यावर दुसऱ्याचं काम चालवायचं आणि मालकाने माउस हलवला की गुपचूप बाजूला व्हायचं. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे काम आणि मशीन यांची जोडी लावायची पद्धत. अगदी पेपरातल्या वधू-वर जाहिरातींसारखी आहे. मशीन आपली जाहिरात देतं की माझ्याकडे इतकी रॅम आहे, इतके कोअर आहेत, मी रात्री ८ नंतरच मोकळं. जॉबही, म्हणजे चालवायचं एकेक कामही, आपली जाहिरात देतो, मला किमान ४ जीबी पाहिजे, लिनक्स पाहिजे, आणि दोन स्थळं जमत असतील तर वेगवान असेल ते आधी. मध्ये एक मध्यस्थ बसतो तो दोघांच्या अपेक्षा बघून जोडी जमवतो. मूळ इंग्रजी नावंही मॅचमेकिंग आणि क्लासिफाइड जाहिरातींवरूनच घेतलीयेत.

तर शुक्रवारी रात्री ८ ला ४००० जॉब लावले आणि घरी गेलो. सोमवारी सकाळी येऊन बघतो तर क्यू रिकामी, म्हटलं वा. रिझल्टचा फोल्डर उघडला तर जेमतेम साडेपाचशे फायली. बाकीच्या ३४०० च्या वर जॉबनी काहीच लिहिलेलं नाही, आणि हे सगळे एकाच मशीनवर गेलेले, ३७ नंबर. मागच्या रांगेत खिडकीजवळ आहे ते. बाकीची ५९ मशीनं एका जॉबला २५ मिनिटं घेत इमानदारीत काम करत होती आणि हे पठ्ठं ४ सेकंदात एक जॉब "पूर्ण" करून पुढचा मागत होतं. हिशोब केला तर चार तासात, म्हणजे रात्री १२ च्या आत, सगळी क्यू संपली होती. पुढचे दोन दिवस ६० च्या ६० मशीनं रिकामी.

कारण शोधायला दीड दिवस गेला. ३७ ची तारीख होती १ जानेवारी २०१०. बोर्डावरची सीमॉस बॅटरी, तो बटनासारखा सेल, मेलेला. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी वॉचमन काका मजल्याचा मेन स्विच पाडतात, त्यांना तसंच सांगितलेलं आहे, त्यात त्यांची काही चूक नाही. वीज गेली की ज्याची बॅटरी मेली त्या मशीनचं घड्याळ मागे जातं. नेटवरून वेळ घ्यायची सोय असते पण कॉलेजच्या फायरवॉलमध्ये तो पोर्ट बंद. माझ्या स्क्रिप्टची पहिली ओळ डिपार्टमेंटच्या सर्व्हरवरून फाइल ओढते, तिथे सिक्युरिटी सर्टिफिकेट तपासलं जातं, आणि २०१० सालात बसलेल्या मशीनला ते सर्टिफिकेट "अजून सुरूच झालेलं नाही" असं दिसतं. मग स्क्रिप्ट ४ सेकंदात एरर देऊन बाहेर. काँडॉरच्या दृष्टीने जॉब संपला, चांगला संपला की वाईट हे मी त्याला विचारायला सांगितलंच नव्हतं.

या प्रकाराला ब्लॅक होल नोड म्हणतात हे नंतर वाचलं. मला त्यातून जे सुचलं ते असं, की आपले बहुतेक शेड्यूलर, म्हणजे काम वाटणारे प्रोग्राम, जे मशीन लवकर काम उरकतं त्याला जास्त काम देतात, आणि बिघडलेलं मशीन हे सगळ्यात लवकर काम उरकणारं मशीन असतं. बाहेरून बघितलं तर ३७ हा माझ्या लॅबमधला सगळ्यात मेहनती विद्यार्थी. हे ओळखायचं कसं, जॉबच्या आत काय चाललंय ते न बघता, हाच आता माझ्या थिसिसचा मुख्य प्रश्न करायचा विचार आहे.

पण डिपार्टमेंटमध्ये प्रेझेंटेशन दिलं तेव्हा एका सीनियर सरांनी सांगितलं की ग्रिड काँप्युटिंग (ठिकठिकाणची मशीनं जोडून काम वाटणं) आता संपलं, आता क्लाउड (भाड्याची मशीनं) आहे, विषय बदला. चार वर्षं घातल्यावर हे ऐकून दोन रात्री झोप लागली नाही. म्हणून विचारतोय, खरंच संपलंय का? आणि मुंबईत बसून या विषयात काही भरीव काम करता येतं का?

---

वसईवाला, सोमवार सकाळी ८.१५

लोकलमधून टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.

तुमचे सर अर्धे बरोबर आहेत. ग्रिड हा शब्द गेला, काम गेलं नाही. मी पवईत एका कंपनीत हेच करतो, फक्त आमच्याकडे त्याला कुणी ग्रिड म्हणत नाही. ॲमेझॉनने २००६ मध्ये भाड्याने मशीन द्यायला सुरुवात केली आणि कॉलेजांमधल्या ग्रिडची हवा कमी झाली हे खरं. कारण साधं आहे, ग्रिडमध्ये दुसऱ्याच्या मशीनवर काम करायचं तर त्याची परवानगी, त्याचे नियम, त्याचं लिनक्सचं व्हर्जन, सगळं जुळवावं लागतं, आणि क्लाउडमध्ये कार्ड घासलं की मशीन हजर.

पण आता गंमत बघा. क्लाउडवाल्यांकडेही रिकामी मशीनं असतात, ती ते स्पॉट म्हणून स्वस्तात देतात, अट एकच की कधीही काढून घेऊ. ॲमेझॉन फक्त २ मिनिटं आधी सांगतं. म्हणजे मालकाने माउस हलवला की बाजूला व्हा, तुमचाच प्रश्न! काम अर्धवट असताना मशीन गेलं तर कुठवर झालं होतं ते कसं जपायचं, कुठलं काम अशा मशीनवर टाकायचं, कुठलं नाही, यावर आमच्याकडे माणसं दिवसरात्र डोकं घालतात. आणि ब्लॅक होल आम्हालाही चावतो. मागच्या वर्षी आमच्या लोड बॅलन्सरने (येणाऱ्या रिक्वेस्ट सर्व्हरमध्ये वाटणारा प्रोग्राम) सगळा ट्रॅफिक अशा सर्व्हरकडे वळवला जो प्रत्येक रिक्वेस्टला ताबडतोब एरर देत होता, आणि बॅलन्सर म्हणत होता वा काय फास्ट आहे हा. सेम टू सेम तुमचा ३७.

विषय बदलू नका. शीर्षकात ग्रिड खुपत असेल तर तो शब्द काढा, आतलं काम तसंच ठेवा. दादर आलं, उतरतो.

---

मृदुला_जी, सोमवार दुपारी १.०५

भरतीओहोटी, धागा वाचून राहवलं नाही. ग्रिड संपलं म्हणणाऱ्यांना कुलाब्याला घेऊन या.

मी तिथल्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) पार्टिकल फिजिक्समध्ये पीएचडी केली, सर्न या जिनिव्हाच्या प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगावर. सर्नच्या एलएचसीमध्ये, म्हणजे कण आदळवणाऱ्या यंत्रात, प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला ४ कोटी वेळा एकमेकांसमोर येतात. एवढं सगळं साठवणं शक्यच नाही, म्हणून पहिल्या टप्प्यात हार्डवेअर ते सेकंदाला १ लाखावर आणतं आणि नंतर काँप्युटर त्यातलं हजारेकच ठेवतात. तरीही जे उरतं ते एका ठिकाणी मावत नाही, म्हणून सुरुवातीपासूनच ठरलं की जगभर वाटायचं. जिनिव्हाला टियर-०, त्याखाली मोठी केंद्रं टियर-१, आणि त्याखाली टियर-२. सीएमएसचं भारतातलं टियर-२ आपल्या मुंबईत, टीआयएफआरला आहे, आणि सर्नच्याच ॲलिस प्रयोगाचं कोलकात्याला. एकूण ४० च्या वर देशांमधली दीडशेहून जास्त केंद्रं यात आहेत. ४ जुलै २०१२ ला हिग्ज कण सापडल्याचं जाहीर झालं त्यामागे ही सगळी यंत्रणा होती, आणि ती आजही रोज चालू आहे. हे जर संपलेलं असेल तर मग चालू कशाला म्हणायचं.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. ग्रिडवर जॉब टाकायचा तर तुमच्याकडे सर्टिफिकेट लागतं, आणि त्यावरून रोजच्यासाठी एक तात्पुरता पास काढायचा, त्याला प्रॉक्सी म्हणतात. हा पास न सांगता काढला तर १२ तासांचा निघतो. पहिल्या वर्षी मला हे माहीतच नव्हतं. संध्याकाळी ६ ला जॉब लावले, नेव्ही नगरहून बस पकडून घरी. सकाळी ६ ला पास संपला. जे जॉब रात्री लवकर सुरू झाले ते वाचले, आणि जे उशिरा सुरू झाले त्यांनी सगळं गणित केलं, शेवटी निकाल साठवायला गेले तर दारातच अडवले, पास संपलाय. १२ तासांची मेहनत दारात टाकून मेले. तेव्हापासून पहिली कमांड पासची मुदत वाढवायची, ती बोटांना अजून पाठ आहे.

आता तुमच्या ३७ बद्दल. आमच्याकडे यावर दोन उपाय होते. एक म्हणजे मशीनने जॉब घ्यायच्या आधी स्वतःला तपासायचं, डिस्क भरलीये का, घड्याळ बरोबर आहे का, सॉफ्टवेअरचा फोल्डर दिसतोय का, आणि काहीही चुकलं तर स्वतःहून बाजूला बसायचं. काँडॉरमध्ये ही सोय आहे, दर काही मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट चालवून तिचं उत्तर मशीनच्या जाहिरातीत टाकता येतं. दुसरं म्हणजे बाहेरून मुद्दाम चाचणीचे जॉब पाठवायचे ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे. सगळ्या केंद्रांवर असे जॉब सतत जातात आणि कोण किती वेळ उभं होतं याचा हिशोब ठेवला जातो. हा हिशोब दाखवणारं ग्रिडव्ह्यू नावाचं साधन ट्रॉम्बेला बीएआरसीमध्ये घडवलं होतं, सर्नबरोबरच्या सहकार्यातून. म्हणजे मुंबईत बसून काय करता येतं याचं उत्तर चेंबूरच्या पुढच्या स्टॉपवरच आहे.

आणि एक, जॉबच्या फाइलमध्ये एक ओळ टाका की एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा, शून्य म्हणजे सगळं ठीक) शून्य असेल तरच क्यूमधून काढ. तेवढ्यानेही ते ३४०० वाचले असते. पण मग ते ३७ वरच परत परत गेले असते, म्हणून दोन्ही करा.

---

भरतीओहोटी, सोमवार रात्री १०.२०

मृदुला ताई, वसईवाला, मनापासून आभार. एक्झिट कोडची ओळ आजच टाकली. ताई, ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे असे जॉब पाठवायचे ही कल्पना घेऊन संध्याकाळभर बसलो. समजा मशीन एरर देत नाहीये, पूर्ण २५ मिनिटं घेतंय आणि चुकीचं उत्तर देतंय, रॅम खराब असेल तर असं होतं. मग एक्झिट कोड शून्यच येणार. सेटी ॲट होमवाल्यांनी (परग्रहावरच्या जीवांचे रेडिओ संकेत शोधणारा प्रकल्प) एकच तुकडा एकापेक्षा जास्त लोकांच्या काँप्युटरवर पाठवून उत्तरं ताडून बघितली होती. त्यांच्याकडे जगभरातून लोकांनी फुकट दिलेली मशीनं होती, माझ्याकडे ६० आहेत, सगळं दोनदा करणं परवडत नाही. पण दर पन्नास जॉबमागे एक चाचणीचा जॉब लपवून पाठवला तर?

---

आबा_गिरगाव, मंगळवार सकाळी ६.५०

मी काँप्युटरवाला नाही. वीज कंपनीत ३४ वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीचशी लोड डिस्पॅचला, म्हणजे मागणीप्रमाणे कुठून किती वीज घ्यायची ते बघायला, आता निवृत्त. नातू हा धागा वाचत होता त्याने दाखवला म्हणून लिहितो.

तुम्ही ज्याला ग्रिड म्हणता तो शब्द आमच्याकडून गेलेला आहे हे मला नातवाने सांगितलं. फॉस्टर आणि केसलमन म्हणून अमेरिकेतले दोघे संशोधक आहेत, त्यांनी १९९० च्या दशकात कल्पना मांडली की भिंतीतल्या प्लगमध्ये वायर खुपसली की वीज मिळते, ती कुठल्या केंद्रातून आली हे कुणी विचारत नाही, तसंच काँप्युटरचं काम मिळालं पाहिजे. ऐकायला छान आहे. पण ज्याने ग्रिड चालवलंय त्याला विचारा, तो प्लग तसा मिळावा म्हणून मागे किती माणसं जागी असतात.

आमच्याकडे एक गोष्ट आहे जी तुमच्याकडे नाही असं दिसतं. फ्रिक्वेन्सी. ५० हर्ट्झ. ग्रिडला जोडलेलं प्रत्येक जनित्र, भले ते कोयनेला असो की तारापूरला, एकाच ठेक्यावर फिरतं. कुठेतरी लोड वाढला की सगळीकडे काटा खाली येतो, ४९.९, ४९.८. मला कंट्रोल रूममध्ये बसून फोन न करता कळायचं की देशात कुठेतरी काहीतरी कमी पडतंय. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं ग्रिड जोडलं गेलं तेव्हापासून सगळा देश एका ठेक्यावर आहे. तुमच्या ३७ नंबरचा घोळ वाचून मला हेच वाटलं की या लोकांकडे सगळ्यांना आपोआप कळेल असा सामायिक काटाच नाही. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं आणि कुणाचं चुकलं ते दुसऱ्याला कळत नाही. आमच्याकडे एखादं जनित्र ठेका सोडायला लागलं तर रिले, म्हणजे बिघाड दिसताच जोडणी तोडणारं उपकरण, त्याला ताबडतोब तोडून टाकतो. विचारत बसत नाही.

दुसरी गोष्ट. १२ ऑक्टोबर २०२० आठवतो का? सकाळी १० च्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळं गेलं, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. कळवा-पडघा बाजूच्या लाइनींवरून सुरुवात झाली होती. मुंबईला आयलंडिंगची जुनी सोय आहे, म्हणजे बाहेरचं ग्रिड कोसळायला लागलं की शहराने स्वतःला तोडून घ्यायचं आणि शहरातल्या निर्मितीवर आपल्यापुरतं बेट चालवायचं. त्या दिवशी ते बेट टिकलं नाही. बेट टिकायला आतली निर्मिती आणि आतली मागणी जुळावी लागते, नाही जुळली तर बेटही बुडतं. मी तेव्हा निवृत्त होतो, खिडकीत उभा राहून नुसता बघत होतो, आणि हात शिवशिवत होते.

मला विचारायचंय की तुमच्या काँप्युटरच्या ग्रिडमध्ये मधली तार तुटली तर बेटांचं काय होतं?

---

कणभर, मंगळवार सकाळी ९.३०

आबा, काय प्रतिसाद आहे. वाचनखूण साठवली.

---

सोमवारकर, मंगळवार रात्री ९.१५

आबा, तुमच्या दोन्ही प्रश्नांवर आमच्या क्षेत्रात गेली ४५ हून जास्त वर्षं काम चालू आहे, आणि तुम्ही ते एका दमात विचारलेत.

पहिला, सामायिक काटा. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये दाखवलं की घड्याळं जुळत नसली तरी चालेल, फक्त काय आधी झालं आणि काय नंतर हे पक्कं कळलं तर बरंच काम होतं. प्रत्येक मशीनने एक आकडा ठेवायचा, काही घडलं की एकने वाढवायचा, आणि दुसऱ्याला निरोप पाठवताना तो आकडा सोबत द्यायचा. निरोप घेणाऱ्याचा आकडा कमी असेल तर त्याने आपला पुढे ढकलायचा. एवढंच. पत्र लिहिल्याआधी पोचू शकत नाही, या साध्या गोष्टीवर सगळं उभं आहे. पुढे त्यांना २०१३ चं ट्युरिंग पारितोषिक, संगणकशास्त्रातलं सर्वोच्च, मिळालं.

दुसरा, बेटांचा. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलं आणि गिल्बर्ट-लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलं की तार तुटलेली असताना प्रत्येक बेटाने उत्तर द्यायचं आणि शिवाय सगळ्या बेटांची उत्तरं जुळायची, हे दोन्ही एकदम होत नाही. एक सोडावं लागतं. बँकेच्या खात्यात दोन बेटांवरून एकच १००० रुपये दोनदा काढले जाऊ द्यायचे, की एका बेटाने सांगायचं की आत्ता काहीच देणार नाही.

मग कुठलं बेट बोलणार हे ठरवायची रीत म्हणजे बहुमत. आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे म्हणून मला ही तुलना रोज दिसते. ५ सर्व्हर असतील तर ३ एकत्र असल्याशिवाय निर्णय नाही. ५ मधले कुठलेही ३ आणि दुसरे कुठलेही ३ घ्या, एक तरी दोघांत असणारच, आणि तो जुना निर्णय लक्षात ठेवतो, त्यामुळे दोन बेटांवर दोन वेगळे ठराव होऊच शकत नाहीत. पण सोसायटीत काय होतं, कोरम झाला नाही की सभा अर्धा तास तहकूब, आणि अर्ध्या तासाने तीच सभा तिथेच, आलेल्या ११ लोकांत, कोरमशिवाय. माणसांच्या कामात ते चालतं, नाहीतर गळकी टाकी कधीच दुरुस्त होणार नाही. सर्व्हरना ही सवलत दिली तर त्याच अर्ध्या तासात पलीकडच्या बेटावरचे ११ जणही दुसरा ठराव पास करतील. म्हणून तिथे बहुमत नसेल तर थांबायचं, कितीही वेळ लागो.

हे सगळं सोपं करून लिहिलंय ते राफ्ट नावाच्या पद्धतीत, स्टॅनफर्डच्या ओंगारो आणि औस्टरहाउट यांचं, २०१४. समजायला सोपं पाहिजे हेच त्यांनी उद्दिष्ट ठेवलं होतं आणि मला ते फार मोठं काम वाटतं. आज कुबरनेटीसच्या (अनेक मशीनवर प्रोग्राम वाटून चालवणारी प्रणाली) पोटात बसून सगळा हिशोब ठेवणारा एटसीडी राफ्टवरच चालतो.

---

रातराणी, बुधवार रात्री १२.१०

मी थर्ड इयरला आहे, घाटकोपरला राहते. पहिल्यांदाच लिहितेय. आमच्याकडे हा विषय इलेक्टिव्हला आहे पण सरांनी पीपीटी वाचून दाखवली आणि परीक्षेला व्याख्या आल्या. सोमवारकर काका, तुमच्या एका प्रतिसादात मला जे कळलं ते अख्ख्या सेममध्ये कळलं नव्हतं. मला यात खरंच काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू? माझ्याकडे एकच लॅपटॉप आहे, ८ जीबीचा.

---

सोमवारकर, बुधवार सकाळी ७.४०

रातराणी, ८ जीबी भरपूर झाले. एमआयटीच्या डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स कोर्सची रॉबर्ट मॉरिस यांची २०२० ची लेक्चर्स फुकट बघायला मिळतात, आणि त्याच्या असाइनमेंट्स पण. त्यात गो या प्रोग्रामिंग भाषेत तू स्वतः राफ्ट लिहितेस. टेस्ट मुद्दाम निरोप हरवतात, उशिरा देतात, सर्व्हर मारतात. तुझा कोड ९९ वेळा पास होईल आणि शंभराव्या वेळी पडेल, तेव्हा लॉग, म्हणजे प्रोग्रामने लिहिलेल्या नोंदी, घेऊन बस आणि कुठला निरोप कुठल्या क्षणी आला ते कागदावर काढ, प्रत्येक सर्व्हरला एक उभी रेघ आणि निरोपांच्या तिरक्या रेघा. ते एक पान काढायला मला चार तास लागले होते आणि कॉलेजच्या कुठल्याही पेपरपेक्षा जास्त शिकवून गेलं.

---

कणभर, बुधवार दुपारी ३.२५

एक व्यवहाराचा प्रश्न. ६० मशीन रात्रभर चालवायची तर विजेचं बिल कोण भरणार? फुल लोडवर १०० वॉट धरला तरी ६० मशीनचे ६ किलोवॉट, १० तासांचे ६० युनिट, १० रुपयांनी ६०० रुपये रोज. त्यात मुंबईची दमट हवा, एसी बंद खोलीत ६० मशीनं तापणार. भाड्याने क्लाउड घेतला तर कदाचित तेवढ्यातच होईल. मला विषय आवडलाय म्हणूनच विचारतोय, तुमच्या प्राचार्यांनी विचारलं तर उत्तर तयार पाहिजे.

---

भरतीओहोटी, बुधवार रात्री ११.५५

कणभर, प्रश्न रास्त आहे आणि प्राचार्यांनी तो विचारलाच होता. नुसती गणितं काढून द्यायची असतील तर तुमचं म्हणणं मान्य, काही कामं भाड्याच्या मशीनवर स्वस्त पडतील. आम्ही आता एका लॅबमध्ये एकाआड एक मशीन चालवतो आणि खिडक्या उघड्या ठेवतो, पावसाळ्यात तेही जमत नाही, तेव्हा १५ च मशीनं.

पण मला मशीनं गणितासाठी तेवढी नकोयत जेवढी ती बिघडण्यासाठी हवीयत. हे जरा नीट सांगतो. आपल्याकडे या विषयावरचे एम.ई. चे कितीतरी थिसिस सिम्युलेटरवर, म्हणजे मशीनांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, होतात, बहुतेक क्लाउडसिमवर. मेलबर्नला राजकुमार बुय्या यांच्या लॅबने केलेलं ते साधन उत्तम आहे, मीही त्यावरच शिकलो. पण सिम्युलेटरमध्ये तुम्ही जेवढे बिघाड लिहाल तेवढेच होतात. मेलेली बॅटरी, बंद पोर्ट, मेन स्विच आणि सर्टिफिकेट या चार गोष्टी मिळून एक ब्लॅक होल तयार होईल हे मी सात जन्मात लिहिलं नसतं. ते ३७ ने शिकवलं. भाड्याच्या क्लाउडमध्ये मशीन बिघडलं तर ते गुपचूप बदलून देतात, मला आत बघायलाच मिळत नाही.

नेदरलँड्समध्ये १९९७ ला चार विद्यापीठांनी आपापली छोटी क्लस्टर्स एकत्र जोडली होती, डास नाव त्याचं, पेंटियम प्रो ची २०० मशीनं मिळून. मुद्दाम प्रयोगासाठी, रोजच्या कामासाठी नाही. मग त्याची पिढी दर पिढी नवी आवृत्ती करत गेले आणि त्यावर कितीतरी पीएचडी झाल्या. फ्रान्समध्ये ग्रिड ५००० तशाच विचाराने उभं राहिलं. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने गरुड ग्रिडमध्ये १७ शहरं जोडली होती, ते मोठ्या पातळीवरचं काम. मला त्यापेक्षा फार लहान काहीतरी दिसतंय. मुंबईत चार-पाच कॉलेजं, प्रत्येकाने एकेक जुनी लॅब, रात्री ८ ते सकाळी ६. तारा तुटतील, वीज जाईल, पावसात नेटवर्कचे स्विच मरतील, आणि प्रत्येक वेळी काय झालं ते नोंदवून सगळ्यांना वापरायला खुलं ठेवायचं. आबांच्या प्रश्नाची बेटं तिथे खरी दिसतील, कारण आमच्या आणि शेजारच्या कॉलेजमधली जोडणी महिन्यातून एकदा तरी जातेच.

आबा, तुमचं "रिले विचारत बसत नाही" हे वाक्य मी वहीत लिहून घेतलंय. पण तिथे एक अडचण आहे, माझ्या रिलेने चांगलं मशीन तोडलं तर? ज्या रेणूंची गणितं खरंच ५ सेकंदात संपतात तेही ३७ सारखेच दिसतात.

---

आबा_गिरगाव, गुरुवार सकाळी ६.४०

चुकीचं ट्रिपिंग आम्हालाही होतं. त्यासाठी रिलेला झोन असतात. अगदी जवळचा दोष वाटला तर ताबडतोब तोडायचं, लांबचा वाटला तर थोडं थांबून, तोवर दुसऱ्या कुणी तोडलं तर आपण गप्प बसायचं. तुम्हीही तसंच करा. एक जॉब लवकर संपला तर काही नाही. लागोपाठ पाच संपले तर त्या मशीनला नवीन देणं थांबवा आणि तोच एक जॉब शेजारच्या मशीनला देऊन बघा. शेजाऱ्यालाही ५ सेकंद लागले तर मशीन चांगलं आहे, कामच छोटं आहे. आणि तोडलेलं मशीन परत जोडायच्या आधी ठेका जुळतोय का बघतात, त्याला सिंक्रोनायझिंग म्हणतात. घड्याळ जुळल्याशिवाय आत घेऊ नका.

---

मृदुला_जी, गुरुवार सकाळी १०.३०

आबा, शेजाऱ्याला तोच जॉब देऊन बघायचा हे फारच नेमकं आहे. भरतीओहोटी, सगळं दोनदा करायची गरजच उरत नाही, संशय आला तेवढंच दोनदा. संशय किती लवकर घ्यायचा आणि त्यासाठी किती कामं वाया घालवायची, हा तुमचा आलेख. थिसिसचं एक प्रकरण इथेच झालं.

---

वसईवाला, गुरुवार संध्याकाळी ७.५०

माझा भाऊ वसईकडच्या एका कॉलेजात लॅब बघतो. २४ मशीनं आहेत, जुनी आय-३, ४ जीबी, पुढच्या वर्षी भंगारात जाणार होती. त्याच्या एचओडींशी बोललो, लेखी पत्र दिलंत तर रात्री वापरायला द्यायला तयार आहेत. जोडणी मात्र बेकार आहे, पावसाळ्यात दिवसदिवस जाते.

---

भरतीओहोटी, गुरुवार रात्री ११.१०

वसईवाला, जोडणी बेकार आहे म्हणूनच हवीयत! पत्र उद्या सकाळी टाइप करतो. शनिवारी ११ वाजता येऊ शकाल का, भावालाही आणा. रातराणी, तुला जमत असेल तर तूही ये, नोंदी ठेवायचं काम एकट्याने होणार नाही आणि त्यात तुला लिहायला भरपूर मिळेल. आबा, तुम्ही आलात तर टॅक्सीचं मी बघतो.

आज संध्याकाळी लॅमिंग्टन रोडवरून ६० बटन सेल आणले. लॅब असिस्टंट दादांबरोबर ३७ पासून सुरुवात केली, ४१ पर्यंत झालेत. ३९ चंही घड्याळ मागे होतं, अडीच तासांनी. सर्टिफिकेटला तेवढं चाललं म्हणून कधी लक्षातच आलं नव्हतं. त्याच्या जुन्या नोंदी उद्या काढून बघतो.